‘सकाळी मला काही जातच नाही!’

*क्लासची घाई, रात्रीचं जागरण, रील्सवरचं डाएट, नाहीतर सरळ ‘भूकच नाही’. कारणं वेगवेगळी असली तरी शेवट एकच, सकाळचा नाश्ता स्किप. पण टीनएजमध्ये या स्किप केलेल्या नाश्त्याचं बिल नक्की कोण भरतं?*

सकाळचे साडेसहा. कॉलेजचं पहिलं लेक्चर सात-दहाचं. सॅक पाठीवर, एक बूट पायात, दुसरा अजून शोधायचाय. तेवढ्यात किचनमधून आवाज येतो, ‘अगं, दोन घास खाऊन जा!’ त्यावर ठरलेलं उत्तर, ‘आई, मला सकाळी काही जातच नाही गं!’ मग उभ्या उभ्या अर्धा कप चहा, त्यात बुडवलेली दोन बिस्किटं आणि दार बंद. हा सीन फक्त मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधला नाही. वाडीवरून तालुक्याच्या हायस्कूलला जाणाऱ्या मुलीच्या घरीही तो रोज घडतो. तिथे लोकलच्या ऐवजी एसटी चुकायची भीती असते, एवढाच फरक.

‘जातच नाही’ म्हणणाऱ्यांना घरातून दोन प्रकारची उत्तरं मिळतात. एक, ‘रात्रभर मोबाइल बघितल्यावर काय जाणार?’ आणि दुसरं, ‘आमच्या वेळी असले नखरे नव्हते!’ पहिल्यात थोडं तथ्य आहे. दुसऱ्याने कुणाचंच पोट भरत नाही. कारण सकाळी भूक न लागणं हा या वयात नेहमीच नखरा नसतो, त्यामागे शरीराची काही कारणंही असतात. ती समजून घेतली तर आई आणि मुलांमधलं हे रोजचं भांडण मिटू शकतं. आणि ते मिटायला हवं, कारण या वयात शरीर जे मागतं ते पुढे दामदुप्पट देऊनही भरून निघत नाही.

भूक जाते कुठे?

टीनएजमध्ये शरीराचं घड्याळ खरोखरच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात लहानपणापेक्षा उशिरा पाझरायला लागतं. म्हणजे अकरा वाजले तरी डोळ्यांवर झोप नसणं, हा सगळाच्या सगळा मोबाइलचा दोष नाही. मोबाइल त्या उशिरात आणखी तास-दीड तासाची भर घालतो, हे मात्र खरं. १४ ते १७ या वयाला रात्री ८ ते १० तासांची झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे तज्ज्ञ सांगतात. आता बारा वाजता झोपून साडेपाचला उठणाऱ्याचा हिशेब करून बघा. शरीराच्या दृष्टीने साडेपाच म्हणजे अजून मध्यरात्रच! अशा वेळी समोर गरमागरम पोह्यांची डिश आली तरी पोट ‘नको’च म्हणणार.

त्यात रात्रीच्या जेवणाची वेळ. क्लास सुटतो साडेआठला, घरी पोहोचायला नऊ, जेवायला साडेनऊ-दहा. त्यानंतर अभ्यास करता करता साडेअकराला चिप्सचं पाकीट नाहीतर ‘दोन मिनिटांत’ होणाऱ्या नूडल्स. झोपेच्या आधी भरलेलं पोट सकाळी लवकर भूक कशी सांगणार? म्हणजे सकाळची भूक सकाळी हरवत नाही, ती आदल्या रात्रीच कुठेतरी सांडलेली असते.

शाळेच्या वेळेचाही यात वाटा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१४मध्येच सांगितलं होतं की मिडल स्कूल आणि हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. छोट्यांची झोप वाचली, छान झालं. पण ज्यांचं घड्याळ खरोखर उशिरा चालतं, ती आठवी ते बारावीची मुलं या निर्णयात नाहीत. सातचं लेक्चर आणि त्याआधीची साडेसहाची बॅच त्यांच्याच नशिबी आहे.

तिसऱ्या तासाला डुलकी

रात्री साडेनऊला जेवलात आणि मधली सुट्टी साडेदहाला झाली, तर मध्ये तब्बल तेरा तास जातात. या तेरा तासांत मेंदू काही बंद नसतो. त्याचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर खर्च करतं त्यातली जवळपास २० टक्के ऊर्जा तो एकटाच खातो. त्याचं मुख्य इंधन म्हणजे ग्लुकोज. रात्रभर यकृत आपल्या साठ्यातून ते पुरवत राहतं. म्हणून एक दिवस नाश्ता बुडाला तर कुणी चक्कर येऊन पडत नाही. शरीर ओढून-ताणून निभावतं. पण रोजच ओढून-ताणून चालवलं की ते दिसायला लागतं. डोकं जड होणं, उगाच चिडचिड, फळ्यावरचं वाचूनही डोक्यात न शिरणं. ‘कंटाळवाणं लेक्चर’ म्हणून आपण सरांच्या नावावर जे खपवतो, त्यातलं थोडं आपल्या रिकाम्या पोटाचंही असतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘नाश्ता केला की मार्क वाढतात’ असं सरसकट कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मात्र जी मुलं आधीच अर्धपोटी किंवा कुपोषित आहेत, त्यांच्यात सकाळच्या खाण्याचा फायदा जास्त स्पष्ट दिसतो. आणि आपल्याकडे कुपोषण म्हणजे फक्त हाडं दिसणारं पोर नव्हे. नीट कपड्यांतली, कॉलेजात जाणारी, सेल्फीत हसणारी मुलगीही आतून कुपोषित असू शकते. ते कसं, ते पुढे बघूच.

मधल्या सुट्टीत नेमकं काय होतं तेही आठवा. तेरा तासांची भूक एकदम अंगावर येते आणि पाय आपोआप गेटबाहेरच्या गाडीकडे वळतात. वडापाव, समोसा, वर थंड पेय. वडापावशी आपलं कुणाचंच भांडण नाही, महाराष्ट्रात राहून ते करणार तरी कोण! पण दिवसाचा पहिलाच घास जर रोज मैदा, बटाटा, तळलेलं तेल आणि साखरेचं पाणी असेल, तर शरीराला बांधकामाचं सामान मिळालं कुठे? शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२०मध्ये केलेला आहे. तो नियम गेटबाहेर किती पाळला जातो, हे मधल्या सुट्टीत कुणीही मोजून यावं.

चहा-बिस्किटाचं गणित

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०मध्ये भारतीयांसाठी रोजच्या पोषणाचे आकडे नव्याने दिले. त्यातले टीनएजचे आकडे बघितले की जरा चमकायला होतं. १६ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज ४६ ग्रॅम प्रथिनं, ३२ मिलिग्रॅम लोह आणि १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. त्याच वयाच्या मुलाला ५५ ग्रॅम प्रथिनं, २६ मिलिग्रॅम लोह आणि तेवढंच कॅल्शियम. आता तुलना करा, प्रौढ पुरुषाला लोह लागतं १९ मिलिग्रॅम. म्हणजे अकरावीतल्या मुलीची लोहाची गरज तिच्या बाबांपेक्षा कितीतरी जास्त आहे! आणि घरोघरी ताट मात्र कुणाचं मोठं वाढलं जातं, हे वेगळं सांगायला नको.

या प्रथिनांपैकी निदान पाव हिस्सा नाश्त्यातून यावा असं धरलं तर सकाळी ११ ते १४ ग्रॅम प्रथिनं हवीत. चहात बुडवलेली चार बिस्किटं देतात जेमतेम दोन ग्रॅम. चहातल्या दुधाचं धरून फार तर तीन. साधे पोहे खाल्ले तरी एका डिशमध्ये चार ग्रॅमच्या आसपासच मिळतात, कारण पोहे म्हणजे शेवटी भातच. पण त्याच पोह्यांत मूठभर शेंगदाणे सढळ हाताने पडले की पाच-सहा ग्रॅमची भर पडते, आणि बाजूला वाटीभर मोडाची मटकी आली की हिशेब पूर्ण होतो. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, एका ग्लासभर दुधात सहा-सात ग्रॅम. म्हणजे पदार्थ बदलायची गरज नाही, त्याला एक जोडीदार द्यायची गरज आहे. उपम्याला शेंगदाणे-मटार, पोळीला अंडं नाहीतर शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाला दही, इडलीला भरपूर डाळीचं सांबार.

हाडांचं तर आणखी घाईचं आहे. आयुष्यात आपल्या हाडांमध्ये जेवढं बळ साठतं, त्यातला जवळपास ९० टक्के साठा मुलींमध्ये अठराव्या आणि मुलांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत होऊन जातो. त्यानंतर ही बँक नवीन ठेवी फारशा घेत नाही. पन्नाशीतल्या गुडघे-कंबरेच्या दुखण्याचा विचार सोळाव्या वर्षी कोण करणार, बरोबर आहे. पण नाचणीचं सत्त्व किंवा आंबील प्यायला तेवढा विचार करायची गरजही नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कोकणात आणि कोल्हापूरकडे ती घराघरात होतीच, आता तिला ‘मिलेट’ म्हणायचं आणि महाग पाकिटात घ्यायचं, एवढाच बदल झालाय.

खरी किंमत मुलींच्या रक्तात

आता तो आतून कुपोषित असण्याचा मुद्दा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय, म्हणजे अ‍ॅनिमिया आहे. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के. म्हणजे अकरावीच्या वर्गात शेजारी शेजारी बसलेल्या पाच मुलींपैकी सरासरी तिघी. यात गरीब-श्रीमंत, शहर-खेडं असा भेद थोडाफार आहे, पण कुठलाच गट सुटलेला नाही.

मुलींचं प्रमाण एवढं का? एकीकडे उंची-वजन वाढत असतं, त्यासाठी रक्तही वाढायला हवं. दुसरीकडे दर महिन्याला पाळीत रक्त जातं. त्यात भर नाश्ता बुडवण्याची, शेवटी जेवण्याची आणि ‘माझं वजन वाढतंय’च्या धास्तीची. खेड्यातल्या कितीतरी मुली सकाळी घरातल्यांच्या भाकऱ्या थापतात, धाकट्यांचे डबे भरतात आणि स्वतः चहावर निघतात. मग जिना चढताना धाप लागते, पीटीच्या तासाला डोळ्यांपुढे अंधारी येते, केस गळतात, सतत झोप येते. काहींना खडू, माती, पाटीवरची पेन्सिल नाहीतर बर्फ चघळावासा वाटतो. याला आपण ‘सवय’ म्हणतो, पण तीही लोह कमी असल्याची खूण असू शकते. हे सगळं ‘आळशी आहे ती’ या तीन शब्दांत गुंडाळलं जातं. खरं तर एका साध्या रक्ततपासणीत कळतं. १५ वर्षांपुढच्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२च्या खाली आणि मुलांमध्ये १३च्या खाली असेल, तर डॉक्टरांना भेटायला हवं.

या सगळ्यात चहाची भूमिका व्हिलनची आहे. चहा-कॉफीतली काही द्रव्यं जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात, ते रक्तात पोहोचू देत नाहीत. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि पोषण संस्थेने २०२४मध्ये दिलेल्या आहाराच्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा, असं सांगितलंय. लिंबू मात्र हिरो! त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली जुनी रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. ते लिंबू पिळून शेजारी वाफाळता चहा ठेवायची रीत तेवढी बदलायला हवी.

आणि हो, शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी ती निळी गोळी. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची. ‘मळमळतं’ म्हणून ती हळूच दप्तरात, नाहीतर खिडकीबाहेर जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. मळमळ बहुतेक वेळा उपाशीपोटी घेतल्यामुळे होते. ती काहीतरी खाऊन घेतली तर त्रास कमी होतो. म्हणजे गाडी फिरून पुन्हा नाश्त्यावरच आली!

रील्सवरचा उपास आणि डब्यातली ताकद

‘मी सकाळी खातच नाही, इंटरमिटंट फास्टिंग करते,’ हे वाक्य आता दहावीतल्या मुलींकडूनही ऐकू येतं. सोळा तास उपास, आठ तासांत खाणं. यावरचे बहुतेक अभ्यास मोठ्या माणसांवर झालेले आहेत, तेही बऱ्याचदा लठ्ठ असलेल्यांवर. वाढीच्या वयातल्या, वजन व्यवस्थित असलेल्या मुलीने ते रीलवरून उचलणं म्हणजे आजीचा चश्मा नातीने लावण्यासारखं आहे. ‘नाश्ता सोडला की जाड होतो’ हा दावाही तितकासा पक्का नाही. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९मध्ये आलेल्या आढाव्यात, नाश्ता केल्याने मोठ्यांचं वजन कमी होतं असा पुरावा सापडला नाही. म्हणजे वजनाची भीती दाखवून कुणाला नाश्ता करायला लावणंही चूक आणि वजन उतरवायला नाश्ता सोडणंही चूक. टीनएजमध्ये नाश्त्याचा मुद्दा वजनाचा नाहीच. तो वाढीचा आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. कुणी मैत्रीण रोजच ‘घरी खाऊन आले’ म्हणून डबा टाळत असेल, खाल्लं की अपराध्यासारखी वागत असेल, झपाट्याने वाळत चालली असेल किंवा पाळी थांबली असेल, तर तिची चेष्टा करू नका आणि ‘काय फिगर आहे!’ म्हणून कौतुकही करू नका. तिच्या घरच्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला किंवा डॉक्टरांना कळू द्या.

मुलांची तऱ्हा वेगळी. सकाळी उपाशीपोटी जिम, त्यानंतर शेकरमध्ये दोन चमचे पावडर आणि थेट कॉलेज. दोन हजारांचा डबा घ्यायचा आणि सहा-आठ रुपयांचं अंडं सोडायचं, असा हा व्यवहार. २०२४च्या त्याच सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा, असं स्पष्ट म्हटलंय. ५५ ग्रॅम प्रथिनं ही घरातल्या डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे, चणे, मासे यांतून आरामात भरून निघणारी गोष्ट आहे.

घरच्यांनाही फसवणारा एक डबा असतो, चॉकलेटी दुधाच्या पावडरीचा. ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून वर्षानुवर्षं तो पाजला गेला. एप्रिल २०२४मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या रकान्यातून काढायला सांगितली. सीरियलचंही तसंच. १९९४मध्ये केलॉग्जने भारतात कॉर्नफ्लेक्स आणले तेव्हा आपल्याकडे सवयीप्रमाणे त्यावर गरम दूध ओतलं गेलं आणि कुरकुरीत फ्लेक्सचा लगदा झाला, हा किस्सा मार्केटिंगच्या वर्गात आजही सांगतात. आता थंड दुधाची सवय झाली, चॉकलेटी गोळेही आले. वाईट म्हणून ते फेकून द्या असं नाही, फक्त पाकीट उलटं करून मागची बाजू वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीन नावांत साखर असेल तर तो नाश्ता नसून गोड खाऊ आहे, एवढं समजून घ्यायचं.

न्याहारी उठल्या उठल्या नव्हतीच!

गंमत म्हणजे या सगळ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ‘न्याहारी’ या शब्दातच आहे. आपल्याकडे शेतावरची न्याहारी पहाटे पाचला उठल्या उठल्या होत नसे. माणसं आधी कामाला लागत आणि ऊन जरा वर आलं की बांधावर फडकं सुटे. भाकरी, ठेचा, कांदा, कधी झुणका, कधी ताक. म्हणजे ‘सकाळी सहाला जात नाही’ हे आपल्या पूर्वजांनाही मान्यच होतं. ते दहापर्यंत उपाशी राहत नसत, इतकंच.

तेच आपण करू शकतो. नाश्त्याचे दोन हप्ते करायचे. पहिला हप्ता निघताना, अगदी छोटा. एखादं केळं, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, चार खजूर, एक राजगिऱ्याचा लाडू, ग्लासभर दूध, यातलं काहीही एक. दुसरा हप्ता डब्यातून, पहिल्या सुट्टीत, साडेआठ-नऊच्या सुमारास. कॉलेजात सुट्टी उशिरा असेल तर दोन लेक्चर्सच्या मधली पाच मिनिटंही पुरतात. शाळांनीही दुसऱ्या तासानंतर दहा मिनिटांची खाऊची सुट्टी दिली तर त्यासाठी कुठलंही अनुदान लागत नाही. विद्यार्थी प्रतिनिधींनी ही मागणी तरी नक्की करावी.

घर सोडून शिकणाऱ्यांचं काय? नीटच्या तयारीसाठी लातूरला आलेली, अकरावी-बारावीसाठी पुण्या-संभाजीनगरला खोली घेऊन राहणारी मुलं मेसच्या दोन वेळच्या डब्यावर असतात. त्यात नाश्ता नसतोच, तो ज्याचा त्याने बघायचा. मग तो टपरीवरचा चहा-क्रीमरोल होतो. अशांसाठी एक वाडगा आणि पाणी एवढीच सामग्री पुरते. रात्री हरभरे किंवा मूग भिजत टाकायचे, सकाळी त्यात कांदा, मीठ, लिंबू. नाहीतर घरून येताना सातूचं पीठ आणायचं, ताकात किंवा दुधात गूळ घालून कालवलं की झालं. गॅसही लागत नाही.

आणि शाळेतल्या जेवणाचं? शालेय पोषण आहार आठवीपर्यंत मिळतो. नववीत गेलं की भूक वाढते आणि ताट मात्र बंद होतं. नव्या शैक्षणिक धोरणाने २०२०मध्ये दुपारच्या जेवणाच्या जोडीला सकाळचा पौष्टिक नाश्ताही द्यावा, असं सुचवलंय. तामिळनाडूने २०२२मध्ये सरकारी शाळांत प्राथमिकच्या मुलांना सकाळचा नाश्ता द्यायला सुरुवातही केली. नववी ते बारावीच्या मुलींसाठी आपल्याकडे कुणी असा विचार केला, तर तो अ‍ॅनिमियाच्या आकड्यांवरचा सगळ्यात चवदार उपाय ठरेल.

चौकट : पाच-दहा मिनिटांत, घरातल्याच सामानातून

• रात्रीच्या पोळीला शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी आणि चमचाभर तूप, गुंडाळून रोल. जाता जाता खाता येतो.

• फोडणीची पोळी किंवा फोडणीचा भात, त्यात शेंगदाणे आणि मोडाचे मूग. वर लिंबू.

• दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी. अंडी रात्रीच उकडून फ्रिजमध्ये ठेवली तरी चालतात.

• दडपे पोहे. गॅस नको, खोबरं-कांदा-कोथिंबीर आणि भरपूर शेंगदाणे.

• बेसनाचं किंवा मुगाच्या पिठाचं धिरडं, त्यात किसलेलं गाजर नाहीतर मेथी. सोबत दही.

• मराठवाड्याची सुशीला. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकायचे, डाळ्याची पूड सढळ हाताने घालायची.

• नाचणीचं आंबील, ताक घालून. ज्यांना सकाळी चावायचाच कंटाळा येतो त्यांच्यासाठी बेस्ट.

• शेंगदाण्याची चिक्की आणि एक फळ. अगदीच काही जमलं नाही त्या दिवसासाठी.

करणार कोण?

वरची यादी वाचून ‘आईला दाखवते’ असं मनात आलं असेल तर एक मिनिट थांबा. यातला एकही पदार्थ असा नाही जो पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला जमणार नाही. अंडी उकडणं, मूग भिजवणं, पोळीला चटणी लावणं याला ‘स्वयंपाक येत नाही’ ही सबब चालत नाही. आणि मुलांनो, हे तुम्हालाही सांगणं आहे. हॉस्टेलला गेल्यावर शिकण्यापेक्षा घरी शिकलेलं स्वस्त पडतं.

कारण सकाळी पाचला उठून सगळ्यांचे डबे भरणारी आई स्वतः नाश्ता कधी करते, हे कधी बघितलंय? बहुतेक घरांत सगळे बाहेर पडल्यावर, अकराच्या सुमाराला, उरलंसुरलं आणि सोबत चहा. ज्या सर्वेक्षणाने १५ ते १९च्या मुलींचा आकडा सांगितला, त्यातच १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचंही नोंदवलंय. म्हणजे ‘दोन घास खाऊन जा’ असं ओरडणारीचं पोटही तितकंच रिकामं असतं. त्यामुळे उद्या रात्री मूग भिजत टाकाल तेव्हा एक मूठ जास्त टाका. सकाळी लिंबू पिळून एक वाटी तिच्या हातात द्या आणि चहाचं भांडं तासभर गॅसवरून खाली ठेवा.